वाढत्या औद्योगिक शहराची उत्सर्जन सूची: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर: हद्द, वर्ष, संकेत

उत्सर्जन सूची म्हणजे कुठला स्रोत वर्षाला कोणते प्रदूषक किती सोडतो याचा हिशेब. अभ्यासक्षेत्र शहराच्या प्रशासकीय हद्दीशी थांबवलेले नाही. चारी बाजूंना आणखी १० किमी घेतले आहे. वाढत्या शहरात कारखाने, वीटभट्ट्या, खडी क्रशर आणि ट्रक टर्मिनल हद्दीच्या जरा बाहेर वसतात आणि धूर आत येतो. सगळ्या क्षेत्रावर १ × १ किमीची जाळी टाकली आहे.

पायाभूत वर्ष एकच. आर्थिक वर्षाचे आकडे आणि जानेवारी ते डिसेंबरचे आकडे एकाच शीटमध्ये मिसळले की पुन्हा सुटे करता येत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीला 'पासून' आणि 'पर्यंत' हे दोन रकाने सक्तीचे.

प्रदूषके: पीएम१० आणि पीएम२.५ (१० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण), सल्फर डायऑक्साइड, एनओएक्स (नायट्रोजनची ऑक्साइडे), कार्बन मोनॉक्साइड, मिथेन सोडून इतर व्हीओसी (हवेत उडणारी सेंद्रिय संयुगे) आणि अमोनिया. पहिल्याच पानावर दोन संकेत मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. एक, एनओएक्सचे वजन नेहमी नायट्रोजन डायऑक्साइड धरूनच काढायचे. चिमणीतून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. त्याचा रेणुभार ३० आणि डायऑक्साइडचा ४६, त्यामुळे एकाने एक धरले आणि दुसऱ्याने दुसरे, तर तोच वायू दीडपट दिसतो. दोन, पीएम२.५ हे पीएम१० च्या पोटातच आहे. 'एकूण धूलिकण' काढताना दोन्हींची बेरीज करायची नाही.

मूळ सूत्र सर्वांना ठाऊक आहे: उत्सर्जन = अ‍ॅक्टिव्हिटी × गुणांक × (१ − नियंत्रणाची कार्यक्षमता). पहिले पद म्हणजे किती इंधन जळले, किती वाहने धावली; गुणांक म्हणजे त्याच्या एका एककामागे किती प्रदूषक. पुढचे सगळे काम या तीन पदांचे आहे, आणि त्यांतले पहिले पद सर्वांत दुर्लक्षित राहते.

१४ ऑक्टोबर: इंधनाचा ताळेबंद

एकही गुणांक हातात घेण्याआधी क्षेत्रात येणाऱ्या सगळ्या इंधनाची खातेवही तयार करायची: कोळसा, फर्नेस ऑइल, डिझेल, पेट्रोल, गॅस, लाकूड, शेतीच्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट. प्रत्येक इंधन दोन बाजूंनी मोजायचे. एका बाजूला विकणारे (डेपो, पंप, वखारी, गॅस कंपनी), दुसऱ्या बाजूला जाळणारे (कारखाने, वाहने, जनरेटर, घरे). दोन्ही बेरजा शेजारी ठेवून मधला फरक 'सापडलेले नाही' या रकान्यात उघड लिहायचा. तो फरक कुठल्या तरी स्रोतात मुरवून टाकायचा नाही.

यावर इतका जोर देण्याचे कारण असे: चुकीचा गुणांक एक सेल बदलून दुरुस्त होतो. यादीत न आलेले इंधन कुठल्याच गुणांकाने सापडत नाही, आणि ज्या शहरात दर महिन्याला नवी शेड उभी राहते तिथे यादीबाहेरचे इंधन मोठे असते.

फरक साधारण तीन ठिकाणी दडलेला असतो. लहान बॉयलर आणि थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून फिरवणाऱ्या भट्ट्या) कुठल्याच नोंदणीत नसतात. लांब पल्ल्याचे ट्रक इथे टाकी भरतात आणि डिझेल बाहेर जाळतात, त्यामुळे विक्रीची बाजू फुगते. आणि पंपावर कॅनमध्ये घेतलेले डिझेल वाहनांच्या खात्यावर पडते, जळते मात्र जनरेटरमध्ये.

ताळेबंदाची सर्वांत भरवशाची कसोटी गंधकाची आहे, कारण गंधक कुठे नाहीसे होत नाही. ३२ ग्रॅम गंधकापासून ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. ०.५ टक्के गंधकाचा १,००० टन कोळसा म्हणजे ५ टन गंधक, म्हणजे जास्तीत जास्त १० टन सल्फर डायऑक्साइड. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एपी-४२ या गुणांक संग्रहात बिट्युमिनस कोळशासाठी टनाला १९ किलो गुणिले गंधकाची टक्केवारी असे दिले आहे. त्याने ९.५ टन येतात. उरलेले पाचेक टक्के राखेत राहते असे त्यात धरलेले आहे. १० टनांच्या वर उत्तर आले तर एककात गडबड आहे, दुसरे कारण संभवत नाही. उलट टक्केवारी ०.५ ऐवजी ०.००५ अशी भरली जाणे हाही नेहमीचा प्रकार, मग उत्तर शंभरपट कमी येते.

२७ ऑक्टोबर: कारखान्यांचा फॉर्म

फॉर्ममध्ये 'तासाला किती इंधन लागते' हा प्रश्न काढून टाकला. त्याचे उत्तर नेहमी बॉयलरच्या पाटीवरून येते, आणि पाटीवरची क्षमता गुणिले वर्षाचे ८,७६० तास केले की भलताच आकडा होतो. त्याऐवजी महिनावार खरेदी बिले, महिन्याअखेरचा साठा, चालू तास आणि पाळ्या विचारायच्या. उत्पादनाचे टनही विचारायचे, म्हणजे एकाच उद्योगातल्या दोन कारखान्यांचे 'टनामागे इंधन' समोरासमोर ठेवता येते.

बॉयलरसाठी वाफेवरून पडताळा. साधारण १० बार दाबाची १ किलो वाफ करायला, भरणीचे पाणी कोमट धरून, सुमारे २.५ मेगाज्यूल लागतात. किलोला २० मेगाज्यूल देणारा कोळसा ७५ टक्के कार्यक्षमतेने जाळला तर १ किलो कोळशातून ६ किलो वाफ. ४० मेगाज्यूलचे फर्नेस ऑइल ८५ टक्क्यांनी जाळले तर साडेतेरा किलो. एखाद्या फॉर्ममध्ये हे प्रमाण कोळशासाठी ९ किंवा १० येत असेल तर इंधन कमी सांगितले आहे किंवा बॉयलरला दुसरेही इंधन जाते. भुसा, लाकूडफाटा, कारखान्यातलाच टाकाऊ माल भट्टीत जातो आणि त्याचे बिल नसते. भट्टीच्या तोंडाशी कशाचा ढीग आहे हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे आणि त्या ढिगाचा फोटो फॉर्मला जोडायचा.

राखेचेही विचारायचे: किती खेपा, किती टन. कोळशातली राख आणि बाहेर गेलेली राख यांचा मेळ बसला नाही तर उरलेली चिमणीतून गेली किंवा आवारात पडून आहे. पल्व्हराइज्ड (पिठासारख्या दळलेल्या) कोळशाच्या भट्टीत ढोबळमानाने ८० टक्के राख उडती आणि २० टक्के तळाची असते. कोळसा जाळीवर पसरून जाळणाऱ्या स्टोकर भट्टीत बराच भाग तळाशी राहतो. दोन्हींना एकच गुणांक लावणे चूक.

९ नोव्हेंबर: चिमणीचे मापन, आणि एक जोडगोळी जी वेगळी करता कामा नये

चिमणीचे अहवाल गोळा होत आहेत. अहवालातला मिलिग्रॅमचा आकडा थेट वापरायचा नाही, आधी पुढची तपासणी.

नमुना घेण्याचे भोक शेवटच्या वळणापासून किंवा पंख्यापासून व्यासाच्या ८ पट अंतरावर आणि चिमणीच्या टोकाच्या २ पट आधी असावे. त्याहून जवळ असेल तर प्रवाह घुसळलेला असतो, मग छेदावर जास्त बिंदू घ्यावे लागतात. नोझलमधला वेग चिमणीतल्या वेगाइतका हवा. आयसोकायनेटिक प्रमाण (या दोन वेगांचे गुणोत्तर) ९० ते ११० टक्क्यांत. नोझलचा वेग कमी पडला तर हवा बाजूने वळते पण जड कण जडत्वाने सरळ आत शिरतात, त्यामुळे वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते. वेग जास्त झाला तर उलट. हे प्रमाण न लिहिलेला धूलिकणांचा अहवाल आम्ही कमी भरवशाच्या 'क' दर्जात टाकतो. वायूंच्या वाचनाला ही अट लागत नाही.

आता आकडेमोड. नमुना चिमणी: व्यास १.२ मीटर, वेग ९ मीटर प्रतिसेकंद, तापमान १५० अंश सेल्सियस, ओलावा ८ टक्के, ऑक्सिजन १३ टक्के, धूलिकण कोरड्या नॉर्मल घनमीटरला १२० मिलिग्रॅम (कोरडा म्हणजे वाफ वजा केलेला, नॉर्मल म्हणजे इथे ० अंशांवर आणलेला वायू).

छेद १.१३ चौरस मीटर; प्रत्यक्ष प्रवाह तासाला सुमारे ३६,६०० घनमीटर. तापमानाची दुरुस्ती २७३/४२३ = ०.६४५. ओलाव्याची ०.९२. कोरडा नॉर्मल प्रवाह तासाला २१,७०० च्या आसपास. गुणाकार: तासाला २.६ किलो धूलिकण. वर्षाला ७,२०० तास धरल्यास सुमारे १९ टन.

चूक नेमकी पुढच्या पायरीवर होते. नियमाशी तुलना करण्यासाठी अहवालात तेच वाचन ६ टक्के ऑक्सिजनवर नेलेले असते: १२० × (२१ − ६)/(२१ − १३) = २२५ मिलिग्रॅम. हा दुरुस्त आकडा कोणी मूळ २१,७०० च्या प्रवाहाने गुणला की तासाला ४.९ किलो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सांद्रता आणि प्रवाह ही जोडी एकाच स्थितीतली हवी: दोन्ही मोजलेल्या ऑक्सिजनवर किंवा दोन्ही दुरुस्त. 'नॉर्मल' म्हणजे ० अंश की २५ अंश हेही अहवालागणिक बदलते. त्यात ९ टक्क्यांचा फरक आहे.

याच चिमणीवरून इंधनाचा उलटा पडताळा घेता येतो आणि तो न चुकता घ्यायचा. बिट्युमिनस कोळशाच्या ज्वलनात मेगाज्यूलमागे सुमारे ०.२४५ नॉर्मल घनमीटर कोरडा वायू तयार होतो (जादा हवा शून्य धरून). २० मेगाज्यूलच्या १ किलो कोळशाला ४.९ घनमीटर, १३ टक्के ऑक्सिजनला ते २१/(२१ − १३) पट होऊन सुमारे १३ घनमीटर. २१,७०० भागिले १३ म्हणजे तासाला १.७ टन कोळसा. ६ पट वाफ धरली तर हा तासाला १० टन वाफेचा बॉयलर. कारखान्याने ६०० किलो लिहिले असेल तर पुन्हा जायचे. गंधक ०.५ टक्के असेल तर याच चिमणीत सल्फर डायऑक्साइड तासाला १६ किलो, म्हणजे घनमीटरला ७४० मिलिग्रॅम, म्हणजे २६० पीपीएमच्या जवळ (पीपीएम म्हणजे दशलक्षातले भाग; १ पीपीएम = २.८६ मिलिग्रॅम) दिसायला हवा. स्क्रबर (धूर पाण्याने धुणारे यंत्र) नसताना मीटर ६० दाखवत असेल तर नळीत हवा गळते आहे, वाटेत वाफेचे पाणी होऊन वायू त्यात विरघळतो आहे किंवा गंधकाचा दाखला दुसऱ्याच कोळशाचा आहे. ऑक्सिजनचे वाचनही त्याच वेळी पाहावे, गळती तिथे लगेच कळते.

१८ नोव्हेंबर: नियंत्रण यंत्रणा कागदावर आणि प्रत्यक्षात

बॅगफिल्टरची (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारे यंत्र) कार्यक्षमता ९९ टक्के लिहिलेली असते. वर्षातला ५ टक्के वेळ जरी बायपास (पिशव्या टाळून धूर थेट सोडणारी वाट) उघडा असेल, तरी प्रत्यक्ष हिशेब १ − (०.९९ × ०.९५) = ०.०५९५. म्हणजे १ टक्क्याऐवजी ६ टक्के धूळ बाहेर, सहापट. सुरुवातीला भट्टी तापेपर्यंत पिशव्यांवर दव धरू नये म्हणून बायपास उघडतात, त्यात गैर काही नाही, पण तो वेळ सूचीत यायला हवा. म्हणून सूत्रात कार्यक्षमतेबरोबर 'चालू वेळेचा वाटा' हे वेगळे पद जोडले.

चालू वेळ ओळखायची खूण यंत्रागणिक वेगळी. बॅगफिल्टरला दाबाचा फरक: साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाणी. काटा शून्याजवळ असेल तर पिशवी फाटली आहे किंवा हवा बाजूने जाते आहे. २५० च्या वर असेल तर पिशव्या तुंबल्या आहेत. ईएसपीला (विजेच्या भाराने धूळ ओढणारे यंत्र) प्रत्येक फील्डचे म्हणजे विभागाचे व्होल्टेज आणि करंट. स्क्रबरला पंपाचे वीज मीटर आणि पाण्याचा पीएच.

सायक्लोनसाठी (धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे यंत्र) एकच टक्केवारी सगळ्या कणांना लावायची नाही. तो जाड कण चांगले पकडतो, २.५ मायक्रॉनखालचे बहुतेक सोडून देतो. एकूण धुळीची ८५ टक्के कार्यक्षमता पीएम२.५ ला लावली तर सायक्लोनवाल्या शेकडो लहान भट्ट्या कागदावर स्वच्छ होऊन बसतात. आमच्या मते वाढत्या शहरांच्या सूच्यांमध्ये औद्योगिक पीएम२.५ कमी दिसण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

३० नोव्हेंबर: वीटभट्ट्या

संख्या उपग्रहचित्रांतून, चालू-बंद स्थिती प्रत्यक्ष फिरून. गुणांक वीटसंख्येला न लावता ऊर्जेला लावायचा. ३ किलोची वीट, किलोला १.२ मेगाज्यूल, म्हणजे विटेला ३.६ मेगाज्यूल, २० मेगाज्यूलच्या कोळशाचे १८० ग्रॅम. लाख विटांना १८ टन. भट्टीवाल्याने सांगितलेले इंधन याच्या निम्म्याने आले तर बाकीची उष्णता भुसा, टायर किंवा जुने तेल यांतून येते आहे, आणि त्यांचे गुणांक निराळे. जुन्या पद्धतीच्या उघड्या आव्याला याहून बरीच जास्त ऊर्जा लागते. वर्षभराचे उत्सर्जन फक्त हंगामाच्या महिन्यांत वाटायचे.

१२ डिसेंबर: वाहने

नोंदणीचा आकडा रस्त्यावरचा आकडा मानायचा नाही. भंगारात गेलेली, परगावी विकलेली वाहने नोंदणीत तशीच राहतात. तीन वेगळी सर्वेक्षणे चालू आहेत: निवडक चौकांत आणि शहराच्या प्रवेशरस्त्यांवर २४ तासांचे व्हिडिओ मोजमाप (कामाचा दिवस आणि सुटीचा दिवस वेगळे), पार्किंग व पंपांवर वाहनाचे वय आणि ओडोमीटर, आणि जीपीएस लावून वेगाचा नकाशा. चौकातल्या मोजणीत रात्रीचे तास वगळले तर जड वाहने हातून जातात, कारण दिवसा बंदी असल्याने ती रात्रीच आत येतात.

वय का महत्त्वाचे ते मर्यादांवरूनच दिसते: युरोपातील जड डिझेल इंजिनांसाठी धूलिकणांची मर्यादा युरो ३ मध्ये किलोवॉट-तासाला ०.१० ग्रॅम होती, युरो ६ मध्ये ०.०१. मर्यादा म्हणजे गुणांक नव्हे. रस्त्यावरचे उत्सर्जन भार, वेग आणि देखभालीने बदलते. पण दहापट अंतरावरून एवढे कळते की जुन्या ट्रकांचा वाटा ५ टक्के धरला की १५ टक्के, यावर संपूर्ण वाहन विभागाचे उत्तर फिरते.

शेवटी पुन्हा इंधन. प्रत्येक वर्गाचे एकूण किलोमीटर गुणिले किलोमीटरमागचे लिटर, त्याची बेरीज पंपांच्या विक्रीशेजारी ठेवायची. पेट्रोलचा मेळ सहसा लवकर बसतो. डिझेलचा बसत नाही आणि तो जबरदस्तीने बसवायचा नाही. जनरेटर, बांधकामाची यंत्रे आणि बाहेरगावचे ट्रक यांची ओळ आधी भरायची. डिझेलमधल्या गंधकावरून सल्फर डायऑक्साइड सरळ निघतो: १० पीपीएमला किलोमागे २० मिलिग्रॅम, ५० पीपीएमला १००. धुरातले कण आणि टायर-ब्रेकची झीज वेगळ्या ओळींत.

५ जानेवारी: रस्त्यावरची धूळ

बऱ्याच शहरांत पीएम१० च्या यादीत ही ओळ सर्वांत वर येते, आणि सर्वांत कच्चीही हीच असते. सूत्र एपी-४२ चे: धूळ = क × (सिल्ट लोडिंग)^०.९१ × (सरासरी वजन)^१.०२. वाहन-किलोमीटरला ग्रॅममध्ये क हा पीएम१० साठी ०.६२, पीएम२.५ साठी ०.१५. सिल्ट लोडिंग म्हणजे रस्त्याच्या चौरस मीटरवर असलेली ७५ मायक्रॉनखालची धूळ, ग्रॅममध्ये.

नमुना घेण्याची पद्धत ठरली. पावसानंतर रस्ता पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबायचे. वाहतूक अडवून पट्टी आखायची, समजा ३ मीटर रुंद आणि २ मीटर लांब. व्हॅक्युमने टोचून-खरवडून नव्हे, एका संथ गतीने, चाकांच्या पट्ट्यांसह पूर्ण रुंदी ओढायची. कडेला साचलेला मातीचा पट्टा नमुन्यात घ्यायचा नाही. तो आला की सिल्ट लोडिंग कित्येक पट चढते आणि ती माती रोजच्या चाकांखाली येतच नाही. पिशवीचे वजन आधी आणि नंतर. नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांना कोरडा करून २०० मेशची (७५ मायक्रॉनची) चाळणी यंत्रावर लावायची, दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, तळाच्या ताटलीचे वजन ३ टक्क्यांहून कमी बदलेपर्यंत. हाताने चाळलेले नमुने स्वीकारत नाही.

उदाहरण: ६ चौरस मीटरवरून ४० ग्रॅम, त्यात सिल्ट १२ टक्के. ४.८ ग्रॅम भागिले ६, म्हणजे ०.८. सरासरी वजन ३ टन असेल तर पीएम१० वाहन-किलोमीटरला १.५५ ग्रॅम आणि पीएम२.५ ०.३८. चार किलोमीटरच्या रस्त्यावर रोज २०,००० वाहने: ८०,००० वाहन-किलोमीटर, दिवसाला १२४ किलो पीएम१०. पावसाची दुरुस्ती १ − (पावसाचे दिवस)/(४ × ३६५). १०० दिवस असतील तर ०.९३. वर्षाला ४२ टन.

अडखळायच्या जागा तीन. वजन त्या रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांची सरासरी घ्यायची. स्कूटरला वेगळे आणि ट्रकला वेगळे असे सूत्र चालवायचे नाही, ते तसे बसवलेलेच नाही. वजनाचा टन अमेरिकी लहान टन आहे (९०७ किलो). आणि जुन्या शीटमध्ये २०११ पूर्वीचे सूत्र सापडते, घात ०.६५ व १.५ असलेले: त्यात वरच्याच उदाहरणाला २.४ ग्रॅम येतात. नवे सूत्र फक्त उडालेल्या धुळीचे आहे, धूर आणि झीज त्यात नाही, त्यामुळे त्या ओळी वेगळ्या मिळवायच्या.

कच्च्या रस्त्याचे प्रकरण निराळे. सिल्ट १२ टक्के आणि वजन ३ टन असताना औद्योगिक कच्च्या रस्त्याच्या सूत्राने पीएम१० वाहन-किलोमीटरला ४२० ग्रॅमच्या वर येते. कारखान्याच्या आवारातला एक किलोमीटर कच्चा रस्ता वरच्या उदाहरणातल्या डांबरी रस्त्याच्या सुमारे पावणेतीनशे किलोमीटरच्या बरोबरीचा. आवारातले रस्ते कोणाच्याच नकाशात नसतात. त्यांची लांबी उपग्रहचित्रावर मोजून भरत आहोत.

१९ जानेवारी: बांधकाम, क्रशर, माल हाताळणी

बांधकामासाठी हेक्टरला महिन्याला २.६९ टन एकूण धूळ हा जुना सरसकट गुणांक आहे. तो पीएम१० नाही. तसाच्या तसा पीएम१० च्या रकान्यात टाकलेला अनेक ठिकाणी आढळतो. सक्रिय क्षेत्र परवान्यावरून न घेता चित्रांतून घ्यायचे, कारण परवाना तीन वर्षांचा असतो आणि माती सहा महिनेच उघडी असते.

खडी-कोळसा ओतण्याच्या सूत्रात वाऱ्याचा घात १.३ आणि ओलाव्याचा १.४. ओलावा दुप्पट केला तर धूळ २.६ पटीने कमी. क्रशरवरचे पाण्याचे फवारे चालू आहेत की नाही हे दुपारी दोन वाजता जाऊन पाहायचे, सकाळी नव्हे.

२ फेब्रुवारी: उघड्यावर जळणारा कचरा

पालापाचोळा, प्लॅस्टिक, केबलचे तुकडे. ठरावीक मार्ग आखून पायी सर्वेक्षण: पहाटे, दुपारी, रात्री नऊनंतर, प्रत्येक ढिगाची लांबी-रुंदी-उंची, कशाचा आहे, किती जळाला. काही ढिगांचे नमुने तोलून घनता काढायची, नाहीतर आकारमानावरून वजन मनाला येईल तसे निघते. फक्त दिवसा फिरून केलेले सर्वेक्षण नाकारले आहे. औद्योगिक वसाहतीतला कचरा रात्री पेटतो. एपी-४२ प्रमाणे टनाला ८ किलो धूलिकण, ४२ किलो कार्बन मोनॉक्साइड, ३ किलो एनओएक्स. यात डम्पिंग ग्राउंडची आग धरायची नाही, तिची ओळ वेगळी: ती कित्येक दिवस धुमसते आणि तिला जळलेल्या वजनाचा अंदाज लागतो.

१० फेब्रुवारी: जनरेटर, पंप, द्रावके

जनरेटर: किलोवॉट-तासाला सुमारे ०.२७ लिटर डिझेल. क्षमता गुणिले वीज गेलेले तास असे नको. संच सहसा अर्ध्या भारावर चालतो. तासमापक आणि डिझेल रजिस्टर पाहायचे. कारखान्याने हे डिझेल आधीच्या फॉर्ममध्येही लिहिले असेल तर तिथून काढायचे.

पेट्रोल पंप: टाकी वरून ओतून भरली तर लिटरला १,३८० मिलिग्रॅम वाफ, बुडालेल्या नळीने ८८०, वाफ परत घेण्याची नळी जोडली तर ४०. वाहनात भरताना १,३२० आणि सांडलवंड ८०. वर्षाला ३,००० किलोलिटर विकणाऱ्या, बुडालेल्या नळीच्या पंपाची वाफ ६.८ टन.

रंग, छपाई, चिकटवण्याचे कारखाने: गुणांकाची गरजच नाही. विकत घेतलेले द्रावक वजा परत मिळवलेले वजा कचऱ्यातून गेलेले; बाकी सगळे हवेत.

२४ फेब्रुवारी: जाळीवर मांडणी

कारखान्याचा बिंदू चिमणीवर हवा. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता घेतला की पंधरा चिमण्या बाजारपेठेतल्या एका इमारतीत येऊन बसतात. अक्षांश-रेखांश अदलाबदल झालेले बिंदू नकाशावर टाकताच दिसतात; दशांश अंश आणि अंश-मिनिटे यांची गल्लत नेहमी दिसत नाही, कारण मिनिटे थोडी असली तर बिंदू काही किलोमीटरच सरकतो. म्हणून प्रत्येक चिमणीची सावली उपग्रहचित्रावर शोधून बिंदू तिच्या पायथ्याशी बसवायचा. घरगुती इंधन लोकसंख्येवर सरसकट पसरायचे नाही. गॅस नसलेल्या घरांवर पसरायचे.

तासांची विभागणी वाहनांना मोजणीवरून, कारखान्यांना पाळ्यांवरून, कचऱ्याला सर्वेक्षणावरून.

११ मार्च: हवेशी पडताळा

उपग्रहावरचा ट्रोपोमी हा संवेदक (उपग्रह सेंटिनेल-५पी, १३ ऑक्टोबर २०१७ ला सोडलेला) नायट्रोजन डायऑक्साइडचा स्तंभ, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या उभ्या थरातले एकूण प्रमाण, दाखवतो. ऑगस्ट २०१९ पासून ५.५ × ३.५ किमीच्या तपशिलाने, दुपारी दीडच्या सुमारास. यावरून टन काढत बसलो नाही. वाऱ्याच्या दिशेनुसार सरासऱ्या वेगळ्या केल्या आणि सूचीत रिकामा असलेला एखादा चौकोन उपग्रहात उजळ दिसतो का एवढेच पाहिले. तसा चौकोन आढळला की फॉर्म घेऊन तिथे जायचे.

हवेतल्या धुळीच्या रासायनिक विश्लेषणाशी तुलना करताना एक भान सुटता कामा नये. आपली सूची थेट बाहेर पडणाऱ्या कणांची आहे. हवेतल्या पीएम२.५ मध्ये अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट असतात, ते सल्फर डायऑक्साइड, एनओएक्स आणि अमोनियापासून वाटेत तयार होतात. त्यांना पीएमच्या ओळीत जागा नाही. शिवाय ६० मीटर उंच चिमणीचा एक टन आणि रस्त्यालगत जळणाऱ्या कचऱ्याचा एक टन माणसाच्या श्वासात सारखा पोचत नाही. उत्सर्जनातला टक्का हा प्रदूषणातला टक्का म्हणून कुठल्याही तक्त्यात लिहायचा नाही. ज्यांच्या दारात हा कचरा जळतो त्यांच्यावर तो अन्याय होईल.

खुणा (कुठला घटक कुठल्या स्रोताचा) जुळवताना: कॅल्शियम, सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम मातीचे, लेव्होग्लुकोसान लाकूडफाट्याचे, व्हॅनेडियम व निकेल फर्नेस ऑइलचे. फर्नेस ऑइल ताळेबंदात नगण्य आणि फिल्टरवर व्हॅनेडियम भरपूर, असे दिसले तर ताळेबंद अपुरा आहे.

२२ मार्च: अनिश्चितता

प्रत्येक गुणांकाला दर्जा, प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला टक्केवारी. अ‍ॅक्टिव्हिटी ±२० आणि गुणांक ±५० असेल तर गुणाकाराची अनिश्चितता वर्गांच्या बेरजेचे मूळ, ±५४ टक्के. इतकी मोठी असताना साधे सूत्र पुरत नाही. लॉगनॉर्मल (कधीच उणे न जाणारे) वितरण धरून माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक किमती उचलून तोच हिशेब पुन्हा पुन्हा, चालवतो, नाहीतर खालची मर्यादा उणे जाते. सगळ्या लहान बॉयलरना एकच गुणांक लावला असेल तर प्रत्येक फेरीत तो एकदाच उचलायचा. प्रत्येकाला स्वतंत्र उचलला तर चुका एकमेकींना खोडतात आणि एकूण बेरीज खोटी नेमकी दिसते.

या सगळ्या ± मध्ये यादीबाहेरचा स्रोत येत नाही, म्हणून अहवालातल्या प्रत्येक तक्त्याखाली इंधनाचा 'सापडलेले नाही' हा आकडा टनांत छापायचा, आणि त्या इंधनाचे जास्तीत जास्त उत्सर्जन किती होऊ शकते तेही.

२९ मार्च: आवृत्ती १.० गोठवली

यापुढे कुठलाही सेल बदलताना जुनी किंमत, नवी किंमत, कारण आणि तारीख नोंदवायची. पुढच्या फेरीत आधी हात घालायच्या ओळी ठरल्या: लहान थर्मिक फ्लुइड हीटर, कारखान्यांतले कच्चे रस्ते, आणि डिझेलच्या ताळेबंदातला फरक. सिल्ट लोडिंगचे नमुने पावसाळा संपल्यावर त्याच पट्ट्यांवर पुन्हा घ्यायचे. पट्ट्यांच्या खुणा रंगाने केल्या आहेत आणि त्यांचे बिंदू शीटमध्ये आहेत.